डुप्लिकेट काढणारा गणिती

डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे नाव आपल्या कॉलेजमध्ये किती जणांनी ऐकलं असेल? मी थर्ड इयरपर्यंत ऐकलं नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. महाभारत म्हणजे माझ्यासाठी आजीच्या गोष्टी आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टीव्हीवर पुन्हा दाखवलं ते. पण यंदा प्रोग्रॅमिंगच्या तासाला एक नेहमीचा प्रश्न आला, की ऑब्जेक्ट्सच्या कलेक्शनमधून डुप्लिकेट कसे काढायचे. नेमकं त्याच सुमारास लायब्ररीत सुकथनकरांविषयी वाचायला मिळालं आणि लक्षात आलं, की हाच प्रश्न या माणसानं कॉम्प्युटरशिवाय, कागद आणि पेन्सिल घेऊन, अठरा वर्षं सोडवला. तोही परदेशात नाही, तर पिंपरीहून लोकलने शिवाजीनगरला उतरलं की थोड्या अंतरावर, पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर!

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, यंदा मराठी विभागासाठी त्यांचीच गोष्ट लिहिते आहे. यात कोड नाही, तेव्हा मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये. तुमच्यासाठी पुढे बोल्टही येणार आहेत.

सुकथनकरांचा जन्म ४ मे १८८७ चा, मुंबईचा. शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये झालं आणि तिथून ते इंग्लंडला केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. विषय होता गणित. केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा त्या काळी जगातल्या अवघड परीक्षांमध्ये मोजली जायची. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण पुढे हा गणिती जर्मनीत बर्लिन विद्यापीठात गेला आणि तिथं चक्क संस्कृत शिकायला लागला. आपल्याकडे मुलं मेकॅनिकल करून आयटीत जातात, सुकथनकर गणित करून व्याकरणात गेले! शाकटायन नावाच्या प्राचीन वैयाकरणाच्या ग्रंथावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९१४ च्या सुमारास ते डॉक्टर झाले.

बर्लिनमधले त्यांचे गुरू होते हाइनरिश ल्यूडर्स. हे नाव महत्त्वाचं आहे. १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत विंटर्निट्झ या विद्वानानं मागणी केली होती, की महाभारताच्या जुन्या पोथ्या एकत्र करून, एकमेकींशी ताडून, त्याची चिकित्सक आवृत्ती तयार झाली पाहिजे. त्यानंतर १९०८ साली ल्यूडर्सनी २९ पोथ्या वापरून अशा आवृत्तीचा एक छोटा नमुना छापला. पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि युरोपातली ती योजना बारगळली.

सुकथनकर भारतात परतले. काही काळ पुरातत्त्व खात्यात होते. शिलालेख आणि ताम्रपट वाचले, भासाच्या नाटकांवर लिहिलं. १९२३ साली त्यांचं भासाच्या स्वप्नवासवदत्ताचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालं. इकडे पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या कामासाठी एक लाख रुपयांचं साहाय्य देऊ केलं आणि १ एप्रिल १९१९ रोजी, ऐंशी ओलांडलेल्या सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हातून कामाचा शुभारंभ झाला. १९२३ मध्ये ना. बा. उत्गीकर यांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढून जगभरच्या अभ्यासकांची मतं मागवली. पण संपूर्ण कामाला अजून पक्की पद्धत मिळायची होती. १९२५ साली सुकथनकर प्रधान संपादक झाले. वय अडतीस.

आता प्रश्न काय होता ते समजून घेऊ. परंपरा म्हणते, महाभारत एक लाख श्लोकांचं आहे. छापखाना नव्हता तेव्हा ते हातानं उतरवलं जायचं. काश्मीरमध्ये शारदा लिपीत, नेपाळमध्ये नेपाळी, मिथिलेत मैथिली, बंगालमध्ये बंगाली, आपल्याकडे देवनागरी, दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिपीत. उतरवताना शब्द बदलायचा. कुणी समासात टीप लिहायचा, ती पुढच्या प्रतीत श्लोक होऊन बसायची. कुणाला आपल्या गावची आवडती कथा पोथीत दिसली नाही, की तो ती घालायचा. आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे काही लेखनिकांसमोर दोन-दोन पोथ्या असायच्या. काही सुटू नये म्हणून ते दोन्हींतलं सगळं घ्यायचे. म्हणजे दोन याद्या एकाखाली एक जोडल्या! मग तीच कथा थोड्या वेगळ्या शब्दांत दोन ठिकाणी येणार, दुसरं काय होणार?

महाभारताच्या पहिल्या आदिपर्वाच्याच २३५ पोथ्यांची माहिती मिळाली होती. कुठल्याही दोन पोथ्या तंतोतंत सारख्या नव्हत्या. या सगळ्यातून एक श्लोक एकदाच ठेवायचा आणि मागाहून घुसलेला बाजूला काढायचा. आपल्या भाषेत डुप्लिकेट काढायचे.

आपण जावा शिकतो तेव्हा पहिल्यांदा वाटतं, की यात काय विशेष? सगळं एका सेटमध्ये टाका, सेट डुप्लिकेट घेतच नाही. आकडे असतील तर खरंच तसं होतं. पण ऑब्जेक्ट्स टाकले की गंमत सुरू होते. समजा हॉस्टेलच्या मेसची यादी आहे आणि एकाच मुलाचे दोन ऑब्जेक्ट्स झालेत. नाव तेच, रोल नंबर तोच. सेट दोन्ही ठेवून घेतो! कारण आपण काही सांगितलं नसेल, तर जावा दोन ऑब्जेक्ट्स एकच आहेत का हे मेमरीतल्या जागेवरून ठरवते. जागा दोन, म्हणजे ऑब्जेक्ट्स दोन. आतला मजकूर ती बघत नाही. सारखं म्हणजे काय, हे आपण इक्वल्स नावाच्या मेथडमध्ये लिहून द्यावं लागतं. फक्त नाव बघायचं ठरवलं, तर एकाच नावाच्या दोन मुलांपैकी एकाचं जेवण बंद. नाव, रोल नंबर, मोबाइल सगळं बघायचं ठरवलं, तर ज्यानं सिम कार्ड बदललं तो दोनदा जेवणार. म्हणजे डुप्लिकेट काढणं हे काम दुसऱ्या पायरीवरचं आहे. पहिली पायरी म्हणजे सारखेपणाची व्याख्या. ती चुकली तर प्रोग्रॅम एरर देत नाही. तो शांतपणे चुकीची यादी देतो.

आणखी एक अडचण वेळेची. हजार ऑब्जेक्ट्स असतील आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली, तर ४,९९,५०० तुलना होतात. म्हणून हॅशकोड असतो. तो प्रत्येक ऑब्जेक्टला एका कप्प्यात पाठवतो आणि मग तुलना त्या कप्प्यापुरतीच करायची. जे सारखे आहेत ते एकाच कप्प्यात पडले पाहिजेत, हा त्याचा नियम. इक्वल्स नीट लिहिलं आणि हॅशकोड लिहायचा राहिला, तर जुळी भावंडं वेगवेगळ्या कप्प्यांत जातात आणि त्यांची कधी भेटच होत नाही. व्हायव्हामध्ये हे हमखास विचारतात, लक्षात ठेवा!

आता भांडारकर संस्थेत काय चालायचं ते बघा. प्रत्येक श्लोकासाठी आखलेला स्वतंत्र कागद. सगळ्यात वरच्या ओळीत प्रचलित छापील प्रतीतला श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. त्याखाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. पोथीत अक्षर तेच असेल तर काही लिहायचं नाही, वेगळं असेल तिथंच त्या चौकोनात नोंद करायची. जे श्लोक छापील प्रतीत नाहीतच, त्यांची वेगळी नोंद. वेगवेगळ्या लिप्या वाचणारी माणसं बसून हे करायची. पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर इथंही पोथ्या ताडण्याचं काम चालायचं. मला हे वाचताना हसूच आलं. प्रत्येक श्लोकाचा कागद म्हणजे हॅशचा कप्पा आणि चौकोनातली अक्षरं ताडणं म्हणजे इक्वल्स! आपण जे दोन मेथड्समध्ये लिहितो, ते तिथं टेबलावर मांडलेलं होतं.

पण एक ठिकाण असं आहे, जिथं गणिती असण्याचा उपयोग होतो. डिस्क्रीट मॅथ्समध्ये आपण इक्विव्हॅलन्स रिलेशन शिकतो. अ हा ब सारखा आणि ब हा क सारखा, तर अ हा क सारखा असायला हवा. इक्वल्स मेथडलाही हा नियम पाळावा लागतो. पोथ्या तो पाळत नाहीत. काश्मीरची पोथी नेपाळच्या पोथीसारखी, नेपाळची बंगालच्या पोथीसारखी, असं करत करत दक्षिणेत पोचलो, की पहिल्या आणि शेवटच्या पोथीत ओळख पटू नये इतका फरक. 'साधारण सारखं' हा नियम लावून एकेक जोडत गेलं, तर सगळंच एकमेकांचं डुप्लिकेट ठरेल. म्हणून सुकथनकरांनी आधी श्लोक निवडायला घेतले नाहीत. त्यांनी आधी पोथ्यांची घराणी लावली. उत्तरेची एक शाखा, दक्षिणेची एक शाखा, त्यांत लिपीप्रमाणे पोटशाखा, आणि प्रत्येक पोथीला एका अक्षराचं आणि आकड्याचं चिन्ह.

घराणी का लावायची? इथं हॉस्टेलवाल्यांना जवळचं उदाहरण देते. सबमिशनच्या आदल्या रात्री चाळीस फाइल्स पूर्ण होतात. सगळ्यांत एकच आकृती उलटी काढलेली असते. मग सर म्हणतात का, की चाळीस जणांनी उलटी काढली म्हणजे तीच बरोबर असणार? ते लगेच ओळखतात, की मूळ फाइल एकच आहे आणि बाकी एकोणचाळीस तिची पिल्लं. साक्षीदार चाळीस दिसतात, पण साक्ष एकच. सुकथनकरांनी हेच केलं. देवनागरी पोथ्या संख्येनं सगळ्यात जास्त होत्या, पण त्या इकडून-तिकडून मिसळलेल्या होत्या. त्यांचं बहुमत मोजलं असतं तर तेच जिंकलं असतं. उलट आदिपर्वासाठी काश्मीरच्या शारदा लिपीतली भूर्जपत्रावरची पोथी एकच होती. ब्यूलर या विद्वानानं १८७५ साली काश्मीरमधून आणलेली, तीही अपुरी. पण वजन तिचं मोठं होतं. सुकथनकरांनी २३५ पैकी निवडक ६० पोथ्या आदिपर्वासाठी घेतल्या. म्हणजे श्लोकांतले डुप्लिकेट काढण्याआधी त्यांनी साक्षीदारांतले डुप्लिकेट काढले. ही गोष्ट आमच्या तासाला कुणी विचारलीच नव्हती.

मग नियम सोपा झाला. काश्मीर आणि केरळ ही देशाची दोन टोकं. या दोन टोकांच्या पोथ्यांची एकमेकींत सरमिसळ होण्याची शक्यता अगदी कमी. तरीही एखादा श्लोक दोन्हीकडे सारखाच आढळला, तर तो फाटे फुटण्याच्या आधीपासूनचा, म्हणजे जुना. एकाच शाखेत आहे आणि दुसरीकडे पत्ताच नाही, तर तो मागाहून आलेला असण्याचा संभव. श्लोक सुंदर आहे की नाही, आपल्याला आवडतो की नाही, याचा संबंध नाही.

या नियमामुळे काय बाहेर गेलं माहीत आहे? व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेताहेत ही कथा! आजीनं सांगितलेली माझी सगळ्यात आवडती. ती सगळ्या शाखांत नाही, म्हणून मुख्य पाठात नाही. विचार करा, हे पुण्यात, गणपतीच्या पुण्यात बसून करायचं होतं. लोकांना वाईट वाटणारच. पण नियम केल्यावर तो गणपतीच्या कथेपुरता मोडायचा का? मोडला असता तर पुढच्या प्रत्येक पानावर कुणीतरी आपल्या आवडीचा श्लोक घेऊन उभं राहिलं असतं.

आणि इथंच त्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. त्यांनी काही डिलीट केलं नाही. बाहेर काढलेल्या ओळी पानाच्या तळाशी, चांदणीचं चिन्ह आणि क्रमांक देऊन छापल्या. लांब उतारे ग्रंथाच्या शेवटी परिशिष्टात घातले. गणपतीची कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात पहिल्या क्रमांकावर आहे. कुठली ओळ कुठल्या पोथीत आहे आणि कुठल्या पोथीत नाही, हेही दिलं. शिवाय मुख्य पाठातसुद्धा जिथं स्वतःची पूर्ण खात्री नव्हती, तिथं त्या शब्दाखाली नागमोडी रेघ काढली. स्वतःच्या कल्पनेनं शब्द दुरुस्त करण्याचा मोह तर त्यांनी फारच आवरला. सुमारे ७,००० श्लोकांत अशा दुरुस्त्या चाळिसाच्या आत आहेत. म्हणजे उद्या कुणाला त्यांचा निर्णय पटला नाही, तर त्यानं तळटीप बघावी आणि स्वतःचा पाठ तयार करावा. सगळा कच्चा डेटा त्याच ग्रंथात आहे.

आता बोल्ट. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत इन-प्लँट ट्रेनिंगला गेलेल्यांना स्टोअरची आयटम लिस्ट माहीत असेल. एकच वस्तू 'हेक्स बोल्ट एम ८ बाय २५', 'बोल्ट एम ८ × २५ हेक्स' आणि नुसतं '८ एमएम बोल्ट' अशा तीन नावांनी, तीन कोडखाली असू शकते. एका कोडखाली स्टॉक शून्य दिसतो, खरेदीवाले नवा माल मागवतात, आणि शेजारच्या रॅकवर तोच माल धूळ खात पडलेला असतो. म्हणून कुणीतरी ठरवतं, की डुप्लिकेट काढून टाकू. नाव आणि माप जुळलं की कोड एकत्र. पण त्या बोल्टच्या डोक्यावर एक छोटा आकडा असतो, ८.८ किंवा १०.९. पहिल्याची ताणशक्ती साधारण ८०० मेगापास्कल, दुसऱ्याची १०००. व्यास तोच, लांबी तीच, आटे तेच. यादीत ग्रेडचा रकाना नसेल, तर कॉम्प्युटरला दोन्ही एकच. आणि ज्या जोडणीचं डिझाइन १०.९ धरून केलंय तिथं ८.८ बसला, तर? यादी स्वच्छ दिसेल, ऑडिटही पास होईल, आणि चूक रस्त्यावर कळेल. जुने कोड 'कुठून आला, का एकत्र केला' या नोंदीसह शिल्लक ठेवले असतील, तर मागे जाऊन शोधता येतं. पुसून टाकले असतील तर नाही. सुकथनकरांची तळटीप म्हणजे हीच नोंद.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, पहिली भेटली ती प्रत ठेवायची आणि बाकीच्या सोडायच्या! डुप्लिकेट काढणारे बरेच प्रोग्रॅम असंच करतात, यादीत आधी येईल तो ऑब्जेक्ट राहतो. तेव्हाही असं सुचवणारे होते, आणि तेही साधेसुधे नव्हते. सिल्व्हाँ लेव्ही या थोर फ्रेंच पंडितांचं म्हणणं होतं, की नीळकंठाच्या टीकेसह चालत आलेला प्रचलित पाठच छापावा आणि खाली पाठभेद द्यावेत. सुकथनकरांनी आदरानं पण ठामपणे नकार दिला. नीळकंठ सतराव्या शतकातला. त्यानं स्वतःच अनेक पोथ्यांतून निवड केली होती. म्हणजे आपल्याला सोयीची असलेली प्रत ही फक्त आपल्याला आधी भेटलेली प्रत असते. ती मूळ असते असं नाही.

एक गंमत मात्र मला सगळ्यात जास्त विचारात पाडून गेली. आदिपर्वाला दोन सुरुवाती आहेत. नैमिषारण्यात ऋषींचं सत्र चालू आहे आणि उग्रश्रवा सौती तिथं येतो, हे पहिल्या अध्यायाच्या आरंभी आहे. आणि तेच वाक्य, जवळपास जसंच्या तसं, चौथ्या अध्यायाच्या आरंभी पुन्हा आहे! डुप्लिकेट म्हणावं तर याहून उघड डुप्लिकेट कुठलं? शाळकरी मुलगासुद्धा म्हणेल, की काढा एक. सुकथनकरांनी दोन्ही ठेवले. कारण सगळ्या शाखांच्या पोथ्यांत दोन्ही आहेत. म्हणजे दोन वेगळ्या सुरुवाती फार पूर्वीच, शाखा फुटण्याच्या आधी, एकत्र झाल्या होत्या. त्यातली एक काढली असती, तर वाचायला बरं वाटलं असतं, पण ज्या स्थितीत कधीच कुठली पोथी नव्हती, अशी पोथी तयार झाली असती. जो माणूस नियमाखातर गणपतीची गोष्ट बाहेर ठेवतो, तोच माणूस त्याच नियमाखातर डोळ्यांसमोरचं डुप्लिकेट आत ठेवतो. माझ्या मते त्यांच्या प्रामाणिकपणाचा याहून मोठा पुरावा नाही.

आदिपर्वाचे भाग १९२७ पासून निघत गेले आणि १९३३ साली ते पूर्ण झालं. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ही सगळी पद्धत लिहून ठेवली, आणि पुढच्या पर्वांच्या संपादकांनी ती वाट धरली.

आता आपल्याला एक प्रश्न पडेल. कोड बरोबर आहे हे आपण टेस्ट केस चालवून बघतो. यांनी कसं बघायचं? मूळ महाभारत तर कुणाकडेच नाही! पण त्यांच्या आयुष्यात टेस्ट केस आली. आदिपर्व छापून झाल्यावर काही वर्षांनी नेपाळमधून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उजेडात आली. संपादन करताना ती त्यांच्यासमोर नव्हती. त्यांनी ती ताडून पाहिली, आणि मागाहून घुसलेले म्हणून त्यांनी बाहेर ठेवलेले कितीतरी उतारे त्या पोथीतही नव्हते. १९३८-३९ च्या सुमारास संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी या पोथीवर लेख लिहिला. उपलब्ध पोथ्यांत ती आदिपर्वाची सगळ्यात जुनी, असं त्यांचं मत होतं. आपण कधीही न वापरलेल्या डेटावर आपला अल्गोरिदम बरोबर निघतो, तेव्हा जो आनंद होतो, तो त्या दिवशी त्या टेबलावर झाला असेल का? मला वाटतं, झाला असणार.

यानंतर त्यांनी स्वतः आरण्यकपर्वाचं संपादन केलं, ते १९४२ साली पूर्ण झालं. या पर्वात रामोपाख्यान आहे, म्हणजे महाभारताच्या पोटात रामाची सगळी गोष्ट. वाल्मीकींचं रामायण वेगळं असताना ही दुसरी प्रत कशाला? सुकथनकरांनी दोन्ही शब्दाशब्दांनी ताडली आणि रामोपाख्यान रामायणावरूनच बेतलं आहे, असा निष्कर्ष काढला. पण म्हणून ते वगळलं नाही. एकावरून दुसरं तयार झालं, एवढ्यानं दुसरं फालतू ठरत नाही. ते आपल्या जागी, युधिष्ठिराला धीर द्यायला सांगितलेलं आहे. तिथून काढलं तर त्याला कोण धीर देणार?

त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या निमंत्रणावरून महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्यानं ठरली. आयुष्यभर अक्षरं मोजणाऱ्या माणसानं आता या ग्रंथाचा अर्थ काय ते बोलायचं ठरवलं होतं. तीन व्याख्यानं झाली. चौथं व्हायच्या आधी, २१ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. वय पंचावन्न. लिहून ठेवलेली ती व्याख्यानं १९५७ साली पुस्तकरूपानं आली.

अठरा पर्वांपैकी त्यांनी स्वतः संपादित केलेली पूर्ण पर्वं दोनच. काम थांबलं नाही. डॉ. श्री. कृ. बेलवलकर आणि नंतर डॉ. प. ल. वैद्य प्रधान संपादक झाले, आणि देश-परदेशातल्या इतर विद्वानांनी एकेक पर्व सांभाळलं. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. एकूण १९ खंड, १,२५९ पोथ्यांचा आधार. सुरुवात करणारे भांडारकर नव्हते, पद्धत घालून देणारे सुकथनकर नव्हते. तरी काम पूर्ण झालं, कारण प्रत्येक निर्णय का घेतला हे कागदावर होतं. आपल्याकडे एक सीनियर पास होऊन गेला, की त्याचा प्रोजेक्ट पुढच्या बॅचला उघडतासुद्धा येत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आपल्यातले बरेच जण वर्ष-दोन वर्षांत हिंजवडी, तळवडे नाहीतर चाकणला कामाला लागू. पहिल्या काही महिन्यांत कुणीतरी एक फाइल देईल आणि म्हणेल, यातले डुप्लिकेट संध्याकाळपर्यंत काढून दे. त्या फाइलमध्ये बोल्ट असतील, पेशंट असतील, नाहीतर स्कॉलरशिपला अर्ज केलेली मुलं असतील. प्रोग्रॅम दहा ओळींचा आहे, तो कुणालाही येतो. पण सारखं म्हणजे काय हे कुणी ठरवलं, आणि काढलेल्या ओळी कुठं ठेवल्या, हे आधी विचारा. भांडारकर संस्था आजही लॉ कॉलेज रोडवर आहे. कधी आदिपर्वाचा खंड हातात आला तर वरचे श्लोक नाही वाचता आले तरी चालेल. पानाच्या तळाशी बघा. तिथं बारीक टायपात, चांदणी लावून, बाहेर काढलेला प्रत्येक श्लोक आपला नंबर घेऊन बसलेला आहे.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी